दिनविशेष : २४ सप्टेंबर
१९६९ : गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू केली. आरंभी विद्यार्थी होते ४० हजार. पुढे दोन वर्षांत २४० तास सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर अशी रीत पडली. बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या ‘सोरोरिटी’ म्हणजे मैत्रिणींच्या संघटना असतात. तिथे सदस्य पारखून घेतात. आपल्याकडे एनएसएसमध्ये नाव नोंदवले की हातात झाडू! पण आचोळे-नालासोपाऱ्यातल्या एखादीला मैत्रिणींसोबत आठवडाभर घराबाहेर राहायची पहिली परवानगी बहुधा याच शिबिरासाठी मिळते. आईला सांगायला कारणही भक्कम. यंदा प्रथम वर्षाला असाल, तर कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना आजच गाठा.