आयडलिंगची अस्थिरता

आयडलिंगची अस्थिरता : अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना उभ्या गाडीच्या एंजिनाची गती एका जागी न टिकणे, एंजिनाने आचके देणे किंवा सिग्नलला गाडी थांबताच बंद पडणे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तापलेल्या एंजिनाचे आयडलिंग 650 ते 900 आरपीएमच्या दरम्यान असते. थंड एंजिन सुरू केल्यावर ते 1,200 च्या आसपास जाते आणि कूलंट तापेल तसे उतरते. हा दोष नव्हे.

कार्य : आयडलिंगला थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. आत जाणारी हवाच इतकी थोडी, की कुठून तरी शिरलेली जराशी हवा किंवा एका सिलिंडरची हुकलेली ठिणगी लगेच जाणवते. वेगात ती खपून जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिक स्क्रू फिरवून ‘स्लो’ सेट करत असे. 2000 च्या सुमारास भारतात एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत) रूढ झाल्यापासून हे काम ईसीयूकडे, म्हणजे एंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे, आले. वजनाने 1 भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने राखतो, तर गती सांभाळण्यासाठी आयडल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटलची मोटर हलवतो. त्यामुळे या गाड्यांत नुसता स्लो वाढवून भागत नाही. बिघाड शोधावा लागतो.

कारणे : (1) घाण थ्रॉटल बॉडी. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफेमुळे चकतीच्या कडेला काळे, चिकट कडे जमते आणि हवेची फट बुजते. गाडी थांबताना आरपीएम पडून एंजिन बंद होते. (2) एअर लिक. पीसीव्ही (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ब्रेक बूस्टरचा चिरलेला पाइप, मॅनिफोल्डचे बसलेले गॅस्केट. एमएएफ (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या गाडीत ही हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होते. मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरच्या गाडीत वाढलेला दाब पाहून ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि गती चढते. ती फार चढली की पेट्रोल तोडले जाते, गती पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होते. काटा असा वरखाली होत राहण्याला ‘हंटिंग’ म्हणतात. (3) मिसिंग किंवा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणे. झिजलेला प्लग, कमजोर कॉइल, तुंबलेला इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन. यात ठरावीक लयीत झटका बसतो. (4) उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इनटेकमध्ये सोडणारा) किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा). पेट्रोल भरल्यावर लगेच आयडलिंग बिघडत असेल तर पर्ज व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. (5) फक्त सीएनजीवर त्रास असेल तर सीएनजीचा फिल्टर, रिड्यूसर आणि इंजेक्टर तपासावेत. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागत असल्याने झिजलेले प्लगही आधी सीएनजीवरच उघडे पडतात.

निदान : आधी स्कॅनर लावावा. पी0300 हा अनेक सिलिंडरांतल्या मिसफायरचा, पी0301 ते पी0304 हे त्या त्या सिलिंडरच्या मिसफायरचे, पी0171 पातळ मिश्रणाचा, तर पी0506 व पी0507 हे अनुक्रमे कमी व जास्त आयडलिंगचे कोड. कोड दिशा दाखवतो, सुटा भाग ठरवत नाही. पी0302 आल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी; कोड पी0303 झाला तर कॉइल गेली, तसाच राहिला तर प्लग व इंजेक्टर पाहावेत. फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) आयडलिंगला बरीच अधिक आणि 2,500 आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर एअर लिकचा संशय बळावतो. भार वाढेल तशी तीही वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा समजावा. लिक हाती लागत नसेल तर स्मोक टेस्ट करावी, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहावे. तापलेल्या एंजिनावर ज्वलनशील क्लीनर फवारून लिक शोधण्याची रीत धोक्याची आहे.

काटा स्थिर आहे, पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, अशा वेळी बहुधा एंजिन माउंटचे रबर बसलेले असते. तीन सिलिंडरच्या एंजिनात थोडी थरथर मुळातच असते.

उपाय : थ्रॉटल बॉडी साफ करताना क्लीनर कापडावर घेऊन कडा पुसावी, मोटरवर चालणारी चकती बोटाने जोरात ढकलू नये. घाणीमुळे घटलेली हवा भरून काढायला ईसीयूने चकती जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. म्हणून सफाईनंतर गती काही काळ चढीच राहू शकते. कंपनीने दिलेल्या पद्धतीने रीलर्न केल्यावर ती जागेवर येते. चिरलेला पाइप टेपने न गुंडाळता बदलावा. प्लग ठरलेल्या किलोमीटरला आणि सांगितलेल्या गॅपचेच घालावेत.

चेक एंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नये. न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची जाळी वितळू शकते. मग प्लग-कॉइलच्या खर्चात भागणारे काम कित्येक पटींनी महागात पडते.