लंडन नऊ तास, बिरवाडी सात तास

गणपतीला भाचा लंडनहून आला. तिथून मुंबईपर्यंत सव्वासात हजार किलोमीटर, विमानाने नऊ तास. मुंबईहून बिरवाडीपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर, त्याला लागले सात तास. तो म्हणाला, "मामा, महाड नक्की किती लांब आहे?" चेष्टेत विचारलं होतं, पण मला रात्रभर झोप नाही.

नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई ते महाड सरळ रेषेत ११५ किलोमीटरच्या आसपास भरतं. विमानाला पंधरा-वीस मिनिटांचं काम! पण आपल्याकडं अंतर पट्टीनं कधीच मोजलं गेलं नाही. बोट कधी सुटते, भरती कधी येते, गाडीवाला घेतो की नाही, यावर मोजलं गेलं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या गावाजवळचंच आहे. २४ डिसेंबर १९२७. दुसऱ्या महाड परिषदेसाठी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले. धरमतरला उतरून मोटारीनं येणं सोयीचं होतं. तरी त्यांनी लांबची, दासगावची वाट धरली. का? महाडकरांनी बहिष्कार घातला आणि मोटारवाल्यांनी गाड्या नाकारल्या तर धरमतरला अडकून पडायचं. दासगावहून महाड पाच मैल, चालत जाता येतं. म्हणजे जवळची वाट दुसऱ्याच्या हातात होती आणि लांबची आपल्या पायात. २५ तारखेला दुपारी बोट दासगावला लागली. धक्क्यावर हजारो माणसं वाट बघत उभी होती, तिथून लोक मिरवणुकीनं पायी महाडला आले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

मुंबईहून महाडला यायला एक दिवस आणि वर एक रात्र! पुढं पाचच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे एका दिवसात मुंबईत उतरले. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला लंडनला पोचलं. बोटीला त्यासाठी दोन आठवडे लागायचे.

आपल्याकडं १९२८ साली सावित्रीवर दगडी पूल झाला. रेल्वे मात्र वीरला यायला १९९३ उजाडलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल गेला, दोन एसट्या आणि माणसं घेऊन. त्यावर जास्त लिहवत नाही. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, म्हणजे मनात आणलं तर होतं. आणि पनवेल-इंदापूर रुंदीकरण? २०११ ला सुरू झालेलं काम, आपण सगळे जाणतोच.

आता आपल्याच रायगडात नवी मुंबईचं विमानतळ झालंय. पहिली विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. तारीख बघा! दासगावच्या त्या दुपारला बरोबर ९८ वर्षं झाली होती. तिथून आपलं गाव सव्वाशे-दीडशे किलोमीटर. भाचा पुढच्या वेळी तिथंच उतरणार म्हणतोय. मी सांगितलंय, निघताना फोन कर, जेवण झाकून ठेवतो.

तुमच्या घरातल्या कुणी दासगाव बंदरातून बोटीचा प्रवास केला असेल, तर खाली लिहा. किती वेळ लागायचा, तेही लिहा.