उन्हाळी, खानोलकर आणि डीएनएतलं एक अक्षर

आजचा एपिसोड मालवणातून, आणि विषय जरा अवघड आहे. लघवीतलं रक्त.

आपल्याकडे लघवी लाल झाली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, "उन्हाळी लागली असतली." मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम. उन्हाळीत जळजळ होते. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र बऱ्याचदा रक्त येतं आणि काहीच दुखत नाही. दोन दिवसांनी ते आपोआप थांबतंसुद्धा, आणि आपण विसरून जातो. ही न दुखणारी गाठ वाढते कशी, हे कळायला जवळपास शंभर वर्षं लागली.

१८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने सांगितलं की किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होतायत. पुढे १९३८ मध्ये रंगधंद्यातलंच एक रसायन, बीटा-नॅफ्थिलअमाईन, कुत्र्यांना दिल्यावर तशाच गाठी झाल्या. आता बघा, हेच रसायन तंबाखूच्या धुरातही असतं. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून लघवीत, आणि लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. धूर छातीत ओढायचा आणि गाठ ओटीपोटात, ती अशी.

त्याच १८९५ मध्ये क्वेट्ट्याला वसंत रामजी खानोलकर जन्मले. जन्म तिकडचा, आडनाव मात्र आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं. मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ ला सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. नुसती गाठ बघू नका, माणसाची सवय बघा, हा त्यांचा हट्ट. तंबाखू-चुना तोंडात कुठे धरतात, धोतर कमरेला कुठे काचतं, इथपर्यंत. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी या सवयींच्या कॅन्सरवर निबंधच लिहिला.

पण सवय कळली तरी पेशीच्या आत काय बिघडतं? मेलेल्या पेशी काचेखाली बघून ते कळत नाही, जिवंत वाढवाव्या लागतात. हे काम आपल्याकडे आणलं खानोलकरांच्या विद्यार्थिनीने, पुण्याच्या कमल रणदिवे यांनी. बाल्टिमोरमध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शिकल्या. तेच गाय, ज्यांच्याकडे प्रसिद्ध हेला पेशी वाढल्या. परत येऊन कमलताईंनी मुंबईत देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा काढली. त्यांचा स्वतःचा अभ्यास मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरचा, मूत्राशयाचा नव्हे. पण पुढचा शोध लागला तो याच वाटेने, बाटलीत वाढवलेल्या पेशींतून.

त्या पेशींचं नाव टी-२४. स्वीडनमधल्या ८१ वर्षांच्या एका आजीच्या मूत्राशयातल्या गाठीच्या. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी त्यातला एचरास हा जीन वाचला. एका गटात आपले ई. प्रेमकुमार रेड्डीही होते. निरोगी जीन आणि कॅन्सरचा जीन यांत फरक किती? एक अक्षर! 'जी'च्या जागी 'टी'. तेवढ्याने पेशीला 'वाढ' सांगणारं बटण चालूच राहतं. माणसाच्या कॅन्सरमध्ये इतका नेमका बिघाड पहिल्यांदाच सापडला होता.

गंमत म्हणजे एका गटाच्या पेशी 'ईजे' नावाच्या, वेगळ्या रुग्णाच्या समजल्या जात होत्या. पुढच्या वर्षी कळलं, त्याही टी-२४च! प्रयोगशाळेत कधीतरी भेसळ झालेली. शोध मात्र खराच ठरला.

आणि हो, कमलताईंना पद्मभूषण मिळालं ते १९८२ मध्येच.

आज एकट्या एचरासवर कोणी थांबत नाही. एफजीएफआर३ बिघडलेला असेल तर गाठ बहुधा वरवरची, पण पुन्हा पुन्हा उगवणारी. टीपी५३ बिघडला असेल तर ती स्नायूत शिरलेली असण्याची भीती जास्त. असे काही बदल आता लघवीतही शोधता येतात. तरी दुर्बिणीने आत बघणं अजून सुटलेलं नाही, त्यामुळे डॉक्टर "दुर्बीण घालू" म्हणाले तर "लघवी तपासलीय ना" म्हणून टाळू नका. बिडी-सिगरेट ओढणारे बाबा-काका घरात असतील तर हा एपिसोड त्यांना पाठवा.

पुढच्या भागात मुंबईचेच डॉ. भेंडे आणि १९५२ मध्ये सापडलेला बॉम्बे ब्लड ग्रुप. येवा!