फुप्फुस मिटू द्यायचं नाही

१९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या चार डॉक्टरांचा लेख छापून आला. पहिलं नाव डेव्हिड ॲशबॉ यांचं, पेशाने सर्जन. लेखात बारा रुग्णांची हकिगत होती. कुणी अपघातात चिरडलेला, कुणाला विषाणूचा न्यूमोनिया, एकाला स्वादुपिंडाची सूज. दुखणी निरनिराळी, पण थोड्याच अवधीत सगळ्यांची छाती एकाच वळणावर गेली. धाप, निळे पडलेले ओठ, आणि ऑक्सिजन कितीही वाढवा, रक्तात तो चढेना. बारांपैकी सात दगावले. शवविच्छेदनात फुप्फुसं यकृतासारखी जड आणि गच्च निघाली.

ॲशबॉ आणि त्यांचे सहकारी थॉमस पेटी यांनी या रुग्णांपैकी काहींवर एक युक्ती करून पाहिली. श्वास सोडताना हवा पुरती बाहेर जाऊ द्यायची नाही, शेवटी थोडा दाब आत राखायचा. त्यामुळे फुप्फुसातले हवेचे बारीक कप्पे मिटत नाहीत आणि पुढच्या श्वासाला ते नव्याने उघडावे लागत नाहीत. आयसीयूत याला ‘पीप’ म्हणतात. आज कुठल्याही व्हेंटिलेटरवर त्याची सोय असते. सुरुवातीला तो बहुधा पाच सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका ठेवतात. ज्या आजाराचं वर्णन त्या लेखात होतं, त्याचं ‘एआरडीएस’ हे नाव कोविडच्या दोन वर्षांत आपल्या घराघरांत पोचलं.

मी डॉक्टर नव्हे. निपाणीचा माणूस, बेळगावात डिप्लोमा केला, आणि उमेदीची सगळी वर्षं बंगळुरात रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. डॉक्टरांना यंत्राचा आकडा दिसतो, आम्हाला झडप दिसते. आणि झडपांकडे बघत गेलं की लक्षात येतं, ही विद्या रुग्णालयाइतकीच विमानतळावर वाढलेली आहे.

वर आकाशात हवा विरळ होते. एका उंचीनंतर शुद्ध ऑक्सिजन देऊनही भागत नाही, तो दाबाने आत घालावा लागतो. न्यूयॉर्कचे ॲल्व्हन बॅराक १९३०च्या दशकात फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांना दाबाखाली श्वास देत होते. दुसऱ्या महायुद्धात तीच रीत वैमानिकांच्या मास्कमध्ये गेली. फॉरेस्ट बर्ड हा तर स्वतःच वैमानिक. विमानातल्या ऑक्सिजनच्या झडपांशी खेळता खेळता त्याने १९५०च्या दशकात ‘बर्ड मार्क सेव्हन’ हा व्हेंटिलेटर बनवला.

हा डबा मी कैकदा उघडला आहे. फिकट हिरवं पारदर्शक प्लास्टिक, त्यामुळे आतलं सगळं बाहेरून दिसतं. वायर नाही, मोटार नाही. सिलिंडरच्या दाबावर चालतो. मधे पडदा, दोन बाजूंना लोहचुंबक. रुग्णाने जराशी ओढ घेतली की पडदा हलतो, चुंबकाची पकड सुटते, झडप उघडते आणि हवा आत जाते. ठरवलेला दाब झाला की खट्‌कन बंद. वीज गेली तरी याला फरक पडत नाही, म्हणून जुन्या सिस्टरांचा याच्यावर भारी जीव. पण खोड अशी की याला कळतो तो फक्त दाब. फुप्फुस गच्च झालं असेल तर थोड्याशा हवेतच दाब भरतो आणि डबा काम झालं समजून थांबतो. नळीला कुठे गळती असेल तर दाब भरतच नाही आणि हवा सुटत राहते. म्हणजे ॲशबॉ यांनी वर्णन केलेल्या रुग्णापुढे हा गुणी डबा नेमका लंगडा पडायचा.

आता बंगळूर. या गावात विमान आणलं ते सोलापूरच्या माणसाने. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. तीच पुढे एचएएल झाली. तिच्या आसऱ्याने बाकीचं गणगोत जमलं: वैमानिकांच्या शरीराचा अभ्यास करणारी हवाई दलाची वैद्यकीय संस्था, राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा म्हणजे आमची एनएएल, आणि १९८२ मध्ये डीआरडीओची ‘डेबेल’ ही जैवअभियांत्रिकी प्रयोगशाळा. श्वासाचं यंत्र बनवायला लागणारी सगळी अक्कल एकाच शहरात होती. तरीही आम्ही आयुष्यभर स्वीडन, जर्मनी आणि अमेरिकेच्या व्हेंटिलेटरचे सुटे भाग मागवत बसलो. एकेका सेन्सरसाठी यंत्र महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून. याला कुणी एक जबाबदार नाही, पण मला ते कायम खुपत आलं.

यंत्र नसलं की काय करायचं, ते कोपनहेगनने १९५२ मध्ये दाखवलं होतं. पोलिओची साथ, ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुप्फुसाची पेटी एकच, आणि श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबायला सुरुवात केली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत राहिले. आपोआप फुगणारी अंबू पिशवी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच निघाली.

तिकडे तो प्रसंग इतिहासात जमा झाला. आपल्याकडे तीच पिशवी अगदी अलीकडेपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातात होती. कीटकनाशक प्यालेला कोलारकडचा एक शेतकरी मला आठवतो. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तेवढे दिवस कुणी हवा घालत राहिलं तर माणूस उठून घरी जाऊ शकतो. व्हेंटिलेटर सगळे अडकलेले. उशाशी स्टुलावर भाऊ बसलेला, लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, दोन्ही हातांनी पिशवी पिळत होता. प्रत्येक वेळी पुरती चपटी करायचा, आणि तेही घाईघाईने. भावाला जास्त हवा मिळावी, इतकाच त्याचा हिशोब. सिस्टर येता-जाता कानडीत ओरडायची, “निधान, अण्णा, निधान!”, म्हणजे हळू. मी त्याची बोटं सैल करून दाखवलं: एकाच हाताने, छाती जराशी उचललेली दिसेपर्यंत, मग सोडायचं आणि थांबायचं. थांबणं त्याला जमेना. रात्री त्याची वहिनी बसली. तिचा हात पहिल्यापासून संथ होता. तो शेतकरी वाचला.

जास्त हवा म्हणजे जास्त भलं, हा समज त्या भावाचाच नव्हता. मोठमोठ्या रुग्णालयांतही तीच रीत होती. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांत ३९.८ टक्के दगावले, ६ मिलिलिटर दिलेल्यांत ३१. निम्मी हवा दिली आणि माणसं जास्त वाचली. गच्च फुप्फुसात उघडा भाग थोडाच उरलेला असतो; सगळी हवा त्यातच कोंबली की तोही फाटतो. ॲशबॉ यांनी मिटू देऊ नका असं शिकवलं, या अभ्यासाने ताणू नका म्हणून सांगितलं. त्यातही गंमत अशी की इथे वजन काट्यावरचं धरत नाहीत, उंचीवरून काढतात, कारण माणूस जाडा झाला तरी फुप्फुस वाढत नाही. म्हणून चांगल्या आयसीयूत शिंप्याची टेप असते. झोपलेल्या रुग्णाची टाळूपासून टाचेपर्यंत उंची घ्यायची. पुरुष १६५ सेंटिमीटरचा निघाला तर एका श्वासाला साधारण ३७० मिलिलिटर. लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा कधीकधी ही टेपच जास्त कामाची असते, असं माझं मत. डॉक्टर मंडळी हसतात, पण खोडून काढत नाहीत.

शेवटी २०२० मध्ये बंगळूरला आपल्या घरातली अक्कल आठवली. एनएएलने ३६ दिवसांत ‘स्वस्थवायू’ उभा केला: गळ्यात नळी न घालता, मास्कमधून दोन दाबांवर हवा देणारं यंत्र, त्यातले काही भाग थ्रीडी प्रिंटरवर काढलेले. भारत इलेक्ट्रॉनिक्सने म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीचा आराखडा आणि डीआरडीओची मदत घेऊन ३०,००० व्हेंटिलेटरचं काम अंगावर घेतलं. रडार बनवणारे हात झडपा जोडायला लागले. यंत्रं तालुक्यातालुक्यांत पोचली. टेप धरणारी आणि पीप लावणारी माणसं तेवढ्या वेगाने तयार होणं शक्यच नव्हतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच संपत आला, तेव्हा पुन्हा विमानच धावून आलं. तेजस या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला उडता उडता ऑक्सिजन मिळावा म्हणून डेबेलने एक यंत्रणा तयार केली होती: हवा झिओलाइटच्या खड्यांतून दाबाने न्यायची, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. तीच रुग्णालयांच्या आवारात मोठी करून उभी केली, मिनिटाला १,००० लिटर. असा प्लांट बघायला मला नंतर एकाने बोलावलं. मी आधी एअर ड्रायरचा फिल्टर कधी बदलला ते विचारलं, कारण झिओलाइटला ओल लागली की तो नायट्रोजन धरेनासा होतो. नोंदवही आणायला माणूस गेला.