महामारी आणि महानगराच्या सेवा : मुंबईतील प्लेग (१८९६-९८) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा डॉक्टर, कायदे आणि मृतांचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. शहराचे दैनंदिन जीवन मात्र या तीन गोष्टींवर चालत नाही. नळाला येणारे पाणी, पहाटे उचलला जाणारा मैला, झाडलेला रस्ता, उघडलेला धान्याचा बाजार आणि गिरणीत हजर झालेला कामगार यांवर ते चालते. साथीच्या काळात या सेवा सुरू कशा राहतात आणि थांबलेले शहर पुन्हा कसे सुरू होते, हा नगरप्रशासनाच्या इतिहासातील महत्त्वाचा, पण तुलनेने दुर्लक्षित प्रश्न आहे.

१८९६ च्या प्लेगसंबंधी विपुल लेखन झाले आहे. डेव्हिड अर्नोल्ड, राजनारायण चंदावरकर, प्रशांत किडंबी आदी अभ्यासकांनी वसाहतवादी वैद्यक, लोकांचा प्रतिकार आणि नागरी सुधारणा या अंगांनी त्याची चिकित्सा केली आहे. मराठी वाचकाच्या मनात मात्र प्लेग म्हटले की पुणे, रँड आणि चापेकर बंधू हेच चित्र उभे राहते. प्रस्तुत निबंधात मुंबईचा विचार नगरसेवांच्या दृष्टीने केला आहे. साथीच्या पहिल्या टप्प्यात मुंबईच्या प्रशासनाला आपले कठोर धोरण मागे घ्यावे लागले. त्यामागे दंगलीच्या भीतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सफाई कामगार शहर सोडून जातील हे भय होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्लेगपूर्व मुंबईची सेवाव्यवस्था :

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. विहार, तुळशी आणि १८९२ मध्ये सुरू झालेली तानसा योजना यांमुळे पाणीपुरवठ्यात मुंबई अनेक शहरांच्या पुढे होती. परंतु आलेले पाणी वाहून नेणारी भुयारी गटारे शहराच्या काही भागांपुरतीच मर्यादित होती. मांडवी, कामाठीपुरा, नागपाडा यांसारख्या दाट वस्त्यांत चाळींच्या पाठीमागे अरुंद घरगल्ल्या असत. संडासातील मैला तेथे टोपल्यांत पडे आणि माणसाला तो हाताने उचलून न्यावा लागे.

हे काम करणाऱ्यांना नगरपालिकेच्या दफ्तरात 'हलालखोर' म्हणत. रस्ते झाडणारे आणि कचरा गाड्यांत भरणारे ते 'बिगारी'. मैला उचलण्याच्या सेवेसाठी घरमालकांकडून 'हलालखोर कर' घेतला जाई. म्हणजे ही सेवा नगरपालिकेच्या अर्थव्यवस्थेचा रीतसर भाग होती. ती करणारे बहुतेक लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, तसेच गुजरात, काठेवाड आणि दख्खनमधून आलेले स्थलांतरित होते. सभागृहात त्यांचा प्रतिनिधी नव्हता. मतदानाचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्या व प्रतिष्ठित वर्गापुरता मर्यादित असल्याने मतदारयादीतही त्यांना स्थान नव्हते.

साथीचे आगमन आणि ६ ऑक्टोबरचा हुकूम :

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांत ग्रंथिज्वराची लक्षणे डॉ. अकासिओ व्हिएगस यांना आढळली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. व्हिएगस हे नगरपालिकेचे सदस्यही होते. त्यांनी हा प्रश्न नगरपालिकेपुढे मांडला. निदान उघड होताच व्यापारी वर्गात खळबळ उडाली, कारण प्लेगचे नाव जाहीर होणे म्हणजे परदेशी बंदरांत मुंबईच्या मालावर निर्बंध येणे होय.

या दडपणाखाली नगरपालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी १८८८ च्या मुंबई नगरपालिका अधिनियमाचा आधार घेऊन ६ ऑक्टोबर १८९६ रोजी एक हुकूम काढला. त्यान्वये संशयित घरांत प्रवेश करणे, घरे निर्जंतुक करणे आणि रुग्णांना आवश्यक तर सक्तीने आर्थर रोड येथील रुग्णालयात हलविणे हे अधिकार प्रशासनाकडे आले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, तेथे जात-धर्म राहत नाही, मृतदेहाची विटंबना होते, अशा अफवा पसरल्या. रुग्णालयात पोहोचणारे बहुतेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत असल्यामुळे तेथील मृत्यूंनी या अफवांना बळच दिले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला.

त्यानंतर लगेचच, ३० ऑक्टोबर रोजी, आयुक्तांनी आपला हुकूम सौम्य केला. घरीच योग्य विलगीकरण शक्य असेल तर रुग्णाला हलविले जाणार नाही, असे जाहीर करण्यात आले.

माघारीचे खरे कारण :

ही माघार जमावाच्या हल्ल्यामुळे घेतली गेली, असे वरवर वाटते. तथापि, जमाव पांगविण्यासाठी प्रशासनाकडे पोलीस होते आणि गरज पडल्यास लष्करही होते. पोलिसांच्या बळावर न सुटणारा प्रश्न वेगळाच होता. सक्तीच्या धोरणाने भयभीत झालेले हलालखोर आणि बिगारी मुंबई सोडण्याच्या बेतात होते. ते गेले असते तर काही दिवसांत शहर राहण्यायोग्य उरले नसते, अशी कबुली स्नो यांनी साथीवरील आपल्या अहवालात दिली आहे.

या कबुलीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गिरणी बंद पडली तर नफा बुडतो आणि बाजार बंद पडला तर भाव वाढतात. घरगल्ल्यांतील मैला आठवडाभर उचलला गेला नाही, तर मात्र प्लेगखेरीज पटकी आणि हगवण यांनीही शहर ग्रासले जाईल, हे प्रशासनाला स्पष्ट दिसत होते. शिवाय या कामाला पर्यायी मनुष्यबळ मिळणे जातिव्यवस्थेमुळेच अशक्य होते. ज्या व्यवस्थेने हे काम विशिष्ट जातींवर लादले, तिनेच आणीबाणीच्या प्रसंगी त्या जातींच्या हाती एक विलक्षण शक्ती दिली. संपाची घोषणा नाही, निवेदन नाही, सभा नाही. केवळ गावाकडे निघून जाण्याची शक्यता आयुक्तांच्या कायदेशीर अधिकारांना पुरून उरली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या घटनेला श्रमिकांचा विजय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रशासनाची माघार हा करुणेचा नव्हे, तर हिशेबाचा भाग होता. शासकीय अहवालांत हे कामगार केवळ एक समूह म्हणून येतात. प्रशासनाने त्यांची अपरिहार्यता ओळखली, परंतु त्यांच्या सामाजिक स्थानात त्यामुळे कोणताही बदल झाला नाही.

कायदा, प्लेग समिती आणि प्रतिकार :

१८९६-९७ च्या हिवाळ्यात साथीने उग्र रूप धारण केले. रेल्वे आणि किनाऱ्यावरील बोटींनी लोक कोकण, दख्खन व गुजरातकडे निघून गेले. १८९७ च्या आरंभी शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि मार्च महिन्यात ब्रिगेडियर जनरल डब्ल्यू. एफ. गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. त्यामुळे निवडून आलेल्या नगरपालिकेकडील साथ-नियंत्रणाचे अधिकार शासननियुक्त समितीकडे गेले, खर्चाचा भार मात्र नगरपालिकेवरच राहिला.

समितीने घरतपासणी, विलगीकरण छावण्या आणि रेल्वे स्थानकांवरील प्रवाशांची तपासणी सुरू केली. घरांच्या भिंतींवर रुग्णांची नोंद दर्शविणाऱ्या खुणा केल्या गेल्या, प्रकाश आत यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली आणि गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक आम्लाने धुतली गेली. तथापि, पुण्यात रँड यांच्या अधिपत्याखाली मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांकरवी जी घरझडती झाली, तिच्या तुलनेत मुंबईची पद्धत अधिक समझोत्याची होती. गेटेकर यांनी विविध जाती-जमातींच्या पुढाऱ्यांना विश्वासात घेतले आणि जातवार खासगी प्लेग रुग्णालये उघडण्यास मुभा दिली. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुंबईत असा प्रसंग आला नाही, यामागे १८९६ च्या माघारीचा धडा असावा, असे मानण्यास जागा आहे.

तरीही तणाव संपला नव्हता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी स्त्रीच्या तपासणीवरून दंगल उसळली. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवान यांनी काम बंद केले. बंदरातील मालाची ने-आण थांबताच धोरण पुन्हा सौम्य झाले. सेवा थांबली की सक्ती मागे हटते, हे सूत्र दीड वर्षात दुसऱ्यांदा सिद्ध झाले.

शहर पुन्हा कसे सुरू झाले?

आजच्या अर्थाने शहर 'खुले' करण्याचा कोणताही एक आदेश त्या वेळी निघाला नाही. माणसे परत आली तसे शहर सुरू झाले. ती परत यावीत यासाठी प्रामुख्याने तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या.

पहिली, मजुरीची पद्धत. गिरण्यांत पगार महिनाअखेरीनंतर, तोही उशिरा देण्याची प्रथा होती. कामगार टिकत नाहीत असे दिसताच अनेक गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी देण्यास सुरुवात केली. मजुरांसाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर उघड बोली लागू लागली. काही काळ तरी कामगाराला स्वतःच्या श्रमाचे मोल ठरविता आले.

दुसरी, साथीचे ऋतुमान. प्लेग हिवाळ्यात वाढे आणि पावसाळ्याच्या सुमारास ओसरे. लोकांनी हे चक्र ओळखले. वर्षानुवर्षे थंडीत गावी जाणे आणि साथ ओसरल्यावर परतणे हा अनेक कुटुंबांचा क्रम झाला. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी घटलेली दिसते. मृत्यूंइतकाच ऐन साथीच्या मोसमातील या स्थलांतराचाही त्यात वाटा आहे. १९११ मध्ये हीच संख्या ९,७९,४४५ झाली.

तिसरी, लस. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही लस ऐच्छिक असल्याने तिला मिळालेला प्रतिसाद हळूहळू, पण विश्वासाने वाढला.

उलटपक्षी, ज्या स्वच्छता मोहिमेवर सर्वाधिक शक्ती खर्च झाली, तिचा नेम चुकला होता. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, ही कल्पना पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली आणि १९०५ नंतरच्या संशोधन आयोगाने तिला पुष्टी दिली. घाण हेच रोगाचे मूळ मानणाऱ्या प्रशासनाने १८९८ च्या कायद्यान्वये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंगा या योजनांतून शहराचा चेहरा बदलला. पण पाडलेल्या घरांतील गरिबांना नव्या घरांचे भाडे सहसा परवडले नाही.

२०२० चा संदर्भ :

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा कारभारही १८८८ च्याच अधिनियमानुसार चालत होता. पहिले रुग्ण दाखल झाले ते आर्थर रोडवरील त्याच जुन्या रुग्णालयात, म्हणजेच आजच्या कस्तुरबा रुग्णालयात. हे सातत्य लक्षणीय आहे.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. सेवा देणाऱ्यांना प्रथम चालू ठेवणे, हे तत्त्व या वेळी आरंभीच स्वीकारले गेले. २२ मार्च २०२० नंतर उपनगरी गाड्या थांबल्या, पण अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी बेस्टच्या बसगाड्या धावत राहिल्या. १५ जून २०२० पासून त्यांच्यासाठी लोकल सुरू झाल्या, तर सर्वसामान्यांना मर्यादित वेळेत प्रवासाची मुभा १ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाली. 'मिशन बिगिन अगेन' अंतर्गत जून २०२० पासून दुकाने टप्प्याटप्प्याने, रस्त्याच्या एका बाजूची एका दिवशी या रीतीने, उघडण्यात आली. रुग्णखाटांचे वाटप २४ प्रभागांतील नियंत्रण कक्षांकडे सोपविण्यात आले. धारावीत सार्वजनिक शौचालयांची वारंवार केलेली स्वच्छता हा साथ-नियंत्रणाचा कणा ठरला, म्हणजे भार पुन्हा सफाई कामगारांवरच आला. त्यांतील अनेक जण कंत्राटी होते आणि संरक्षक साधने व विमा यांविषयी त्यांच्या तक्रारी कायम राहिल्या.

निष्कर्ष :

१. साथीच्या काळात नगरप्रशासनाच्या अधिकारांची मर्यादा कायद्याच्या कलमांत नव्हे, तर सेवा देणाऱ्यांच्या संमतीत असते. ऑक्टोबर १८९६ आणि मार्च १८९८ या दोन्ही प्रसंगांवरून हे स्पष्ट होते.

२. शहर पुन्हा सुरू होणे ही प्रामुख्याने विश्वासाची प्रक्रिया आहे. रोजची मजुरी, घरीच उपचारांची मुभा आणि ऐच्छिक लस यांनी जे साधले, ते घरझडतीने साधले नाही.

३. आणीबाणीत ओळखली गेलेली सफाई कामगारांची अपरिहार्यता साथ ओसरताच विसरली जाते. १८९६ मध्ये ते 'हलालखोर' होते, २०२० मध्ये त्यांना 'कोविड योद्धे' म्हटले गेले. नाव बदलले, ही समाधानाची बाब आहे. परंतु नावासोबत त्यांच्या सेवाशर्ती किती बदलल्या, यावरच पुढील साथीतील आपल्या नगरांची सिद्धता अवलंबून राहील.