एक्स-रे, सीटी आणि एमआरआय विभागातील नर्स: नोकरी लागल्यानंतरची तालीम

सोयगाव तालुक्यात कुणाला सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगितला की बहुतेकांसमोर दोनच रस्ते असतात. एक तर घाट चढून सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर, नाहीतर खाली खानदेशात जळगाव. भाड्याची गाडी करायची, सोबत एक समजदार माणूस घ्यायचा आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत दुआ करत बसायचे. तिथे आपण मशीन पाहतो, डॉक्टरांच्या नावाची पाटी वाचतो. पण जी सिस्टर हाताला सुई लावते, "दमा आहे का? शुगरची गोळी चालू आहे का?" असे विचारते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. खरे तर त्या अर्ध्या तासात रुग्णाचा जीव बऱ्याच अंशी तिच्या हातात असतो.

आपल्या समाजातील मुली आता जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगकडे वळत आहेत. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे दहावी-बारावीनंतर अम्मी-अब्बा सल्ला विचारायला येतात. प्रवेश, फी, हॉस्टेल हे सगळे विचारतात. "नोकरी लागल्यावर पुढे काय शिकायचे?" हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. म्हणून इमेजिंग विभागात काम करणाऱ्या नर्सच्या पुढच्या शिक्षणाची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

टेक्निशियन वेगळा, नर्स वेगळी

आधी एक गैरसमज दूर करू. एक्स-रे किंवा सीटीचे मशीन चालवणे हे रेडिओलॉजी टेक्निशियनचे काम. त्याचे शिक्षण वेगळे असते. केंद्र सरकारच्या 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्यातही या व्यवसायाला स्वतंत्र स्थान आहे. नर्सचे काम रुग्णाचे. तपासणीआधी माहिती घेणे, सलाईनची सुई लावणे, कॉन्ट्रास्ट देताना लक्ष ठेवणे, घाबरलेल्या रुग्णाला धीर देणे, लहान मुलाला गुंगीचे औषध दिले असेल तर त्याचा श्वास पाहणे आणि तपासणीनंतर त्रास झाला तर पहिली धाव घेणे. छोट्या सेंटरमध्ये "आज टेक्निशियन नाही, तूच बटण दाब" असे सांगितले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी नर्सने स्पष्ट नकार द्यावा. ते तिचे काम नाही आणि त्याचे प्रशिक्षणही तिला मिळालेले नसते.

आपल्याकडे नर्सिंगच्या नोंदणीत "रेडिओलॉजी नर्स" असा वेगळा वर्ग नाही. जीएनएम (3 वर्षे) किंवा बीएस्सी (4 वर्षे) झालेली नर्स या विभागात नेमली जाते आणि पुढचे काम करता करता शिकते. अमेरिकेत या नर्सेसची स्वतंत्र संघटना 1981 पासून आहे. तिथे परीक्षा देऊन "सर्टिफाइड रेडिओलॉजी नर्स" होता येते आणि ते प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावे लागते. आपल्याकडे ही जबाबदारी आज तरी नर्सच्या स्वतःच्या मेहनतीवर आहे.

काय काय शिकत राहावे लागते

*किरणोत्सर्ग.* एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफी आणि कॅथलॅबमध्ये किरणे असतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये अशी किरणे नसतात. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.1 मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो, तर पोटाच्या सीटीचा 8 ते 10 मिलिसीव्हर्टच्या आसपास. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. बचावाचे सूत्र तीन शब्दांत मावते: वेळ, अंतर, आडोसा. किरणांजवळ कमी वेळ थांबावे, लांब उभे राहावे, शिशाचा एप्रन घालावा. अंतर दुप्पट केले की डोस चौथ्या भागावर येतो, हे गणित आठवीच्या मुलालाही समजते.

या क्षेत्राचे नियमन मुंबईचे अणुऊर्जा नियामक मंडळ करते. हे मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मर्यादा अशी: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. डोस मोजण्यासाठी टीएलडी बॅज मिळतो. तो छातीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो आणि साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. बॅज मशीनच्या खोलीत लटकवून ठेवला किंवा मैत्रिणीला दिला, तर त्यातला आकडा काहीच कामाचा राहत नाही.

*कॉन्ट्रास्ट.* सीटीमध्ये आयोडिनयुक्त औषध शिरेतून देतात. क्वचित एखाद्याला त्याची तीव्र ॲलर्जी होते. अंगावर पित्त उठते, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीच्या स्नायूत तातडीने द्यावे लागते. प्रौढाचा नेहमीचा डोस 0.5 मिलिग्रॅम. ही वेळ वर्षातून एकदाही येत नाही, म्हणूनच सराव सुटतो. पुढच्या शिक्षणाचा सर्वात मोठा उपयोग इथेच आहे. याशिवाय किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट वाचणे, मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाची किडनी कमकुवत असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणणे, औषध शिरेबाहेर गेले तर काय करायचे आणि तपासणीनंतर रुग्णाला साधारण अर्धा तास थांबवणे, हेही त्यात येते. रमजानमध्ये रोजेदार रुग्ण आला तर शरीरात पाणी कमी असू शकते, हे नर्सने डॉक्टरांना सांगावे. तपासणी तातडीची नसेल तर वेळ इफ्तारनंतरची मागता येते. तातडीची असेल तर थांबू नये.

*एमआरआय.* इथे किरणे नाहीत, पण चुंबक आहे आणि तो मशीन चालू नसतानाही जागाच असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचले आणि त्याचा जीव गेला. दाराशी कुणीतरी अडवायला हवे होते, एवढीच ती गोष्ट आहे. दाराशी अडवणारी ती व्यक्ती नर्स असू शकते. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील यंत्र हे प्रश्न प्रत्येकाला विचारायचेच. आपल्या बायाबापड्यांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी विचाराव्या लागतात: हिजाबच्या पिना, बुरख्याची धातूची बटणे, गळ्यातला किंवा दंडातला तावीज, नथनी, पैंजण आणि डोळ्यातला सुरमा. सुरम्यात धातू असतो, तो पुसून आत जावे. हे सगळे एका मुस्लिम सिस्टरने उर्दूत, मराठीत, आदबीने विचारले तर आजीबाईसुद्धा न लाजता सांगतात.

*सोनोग्राफीचा कायदा.* गर्भलिंग निदान प्रतिबंधाचा कायदा 1994 चा आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, इशाऱ्याने किंवा आणखी कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. हा नियम फक्त डॉक्टरला नाही, कुणालाही लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नातेवाईक "सिस्टर, पेढा की बर्फी?" असे हसत विचारतात. त्यावर हसून मान हलवणेसुद्धा महागात पडू शकते.

नोंदणी आणि 150 तास

नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत 150 तासांचे निरंतर शिक्षण सांगितले आहे. म्हणजे वर्षाला 30 तास, महिन्याला अडीच तास. इतके पाहिले तर ओझे वाटत नाही. पाचव्या वर्षी एकदम गोळा करायला गेले की मात्र धावपळ होते.

आमची एक माजी विद्यार्थिनी निकाहानंतर चार-साडेचार वर्षे घरी होती. मूल थोडे मोठे झाल्यावर एका सेंटरमध्ये काम मिळत होते. तेव्हा कळले की नोंदणीची मुदत संपली आहे, प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आहे आणि शिक्षणाचे तास शून्य आहेत. कागद जमवता जमवता ती जागा दुसरीला गेली. तिला हुशारी कमी नव्हती. वेळेवर कुणी सांगितले नव्हते, इतकेच. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मुलीला सांगतो: घरी असलात तरी नोंदणी जिवंत ठेवा, लग्नानंतर नाव बदलले तर परिषदेला कळवा आणि प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा.

सौदी किंवा दुबईला जायचा विचार असेल तर ही फाइल आणखी मोलाची. तिथे परवान्याआधी मूळ संस्थेकडून कागदांची पडताळणी होते आणि परीक्षा असते. सौदीत परवाना टिकवायलाही निरंतर शिक्षणाचे तास लागतात. अनुभवात मोठा खंड पडला तर अडचण येते.

सोयगावसारख्या ठिकाणाहून कुठे शिकायचे

- संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, तसेच शासकीय कर्करोग रुग्णालय आणि शहरातील नर्सिंग महाविद्यालये. इथल्या कार्यशाळांची चौकशी करत राहावी. फी भरण्याआधी कार्यक्रमाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे जरूर विचारावे. मान्यता नसेल तर ज्ञान मिळेल, तास मिळणार नाहीत.
- आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे रुग्णांच्या किरण-सुरक्षेवरील ऑनलाइन पाठ मोफत आहेत. भाषा इंग्रजी आहे, पण मोबाइलवर हळूहळू करता येतात.
- केंद्र सरकारच्या "स्वयम्" संकेतस्थळावर आरोग्यविषयक मोफत अभ्यासक्रम मिळतात.
- एक वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रमही आहेत. कर्करोग परिचर्या आणि अतिदक्षता परिचर्या हे इमेजिंगच्या कामाला जवळचे विषय आहेत.
- स्वतःचा विभाग हीसुद्धा शाळाच आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून ॲलर्जीच्या प्रसंगाचा सराव करायचा. ट्रेमधील औषधांची मुदत तपासायची. याला एक रुपयाही लागत नाही.

घरच्यांच्या मनातली भीती

"एक्स-रेत काम केले तर मूल होत नाही" असे अनेक घरांत ऐकू येते. काही ठिकाणी याच कारणाने सोयरीक अडते. नियम पाळणाऱ्या विभागात नर्सला मिळणारा डोस वर सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. शिवाय बॅजचा रिपोर्ट असतो, तो मागून पाहता येतो. गरोदरपण कळताच लेखी कळवावे. त्यानंतर उरलेल्या काळात बाळाला मिळणारा डोस 1 मिलिसीव्हर्टच्या आत राहील असे काम देणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोकरी सोडण्याची गरज नसते.

भीती बाळगायचीच असेल तर जिथे बॅज देत नाहीत, एप्रन फाटके आहेत, दाराची फट दिसते अशा जागेची बाळगावी. मुलीला नोकरीवर पाठवताना पगाराआधी अब्बांनी हे तीन प्रश्न विचारावेत: बॅज मिळेल का? एप्रन चांगले आहेत का? प्रशिक्षणाला सुट्टी मिळेल का? उत्तर "हो" असेल तर मुलीला बिनधास्त पाठवा. आणि महिन्याचे ते अडीच तास तिला घरात शांतपणे अभ्यासाला मिळतील, एवढे सासर-माहेर दोघांनी पाहावे. घाट ओलांडून स्कॅनला जाणाऱ्या आपल्याच माणसांच्या हाताला उद्या तीच सुई लावणार आहे.