पोलादाचे अंतरंग

इंग्लंडातील शेफील्ड हे नगर चाकूसुऱ्यांसाठी शतकानुशतके विख्यात होते, आणि तेथील कारागीर पोलादाची पारख करी ती तुकडा मोडून, मोडीवरचा रवा नुसत्या नजरेने न्याहाळून. हा हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई, परंतु रव्याच्या मुळाशी काय आहे हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. ते साधन ज्याने निर्माण केले तो हेन्री क्लिफ्टन सॉर्बी 1826 साली याच परिसरात, पोलादी अवजारांच्या धंद्यातील घराण्यात जन्मला, आणि वडिलार्जित मिळकतीमुळे त्याला कोणाची चाकरी पत्करावी लागली नाही. प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप करून दगडांची घडण तपासण्याची रीत त्याने आधीच प्रचारात आणली होती. पोलाद प्रकाशाला वाटच देत नाही, म्हणून त्याने तुकड्याचा पृष्ठभाग आरशासारखा घासला, सौम्य आम्लाने तो किंचित खाववला आणि परावर्तित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हे 1863 साली घडले. पुढल्याच वर्षी बाथ येथील विद्वत्परिषदेत त्याने आपले निष्कर्ष मांडले, तरी कारखानदारांनी सुमारे वीस वर्षे त्यांची दखल घेतली नाही; अपघातानंतर आगगाडीचा रूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासा असे त्या काळी सुचविले असते, तर आपली रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली असती, अशा अर्थाची नोंद त्याने उतारवयात करून ठेवली आहे.

1880 नंतरच्या दशकात अधिक प्रबळ भिंगांखाली त्याला जे दिसले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. मोत्यासारखी झाक मारणारा पोलादाचा एक घटक वस्तुतः मऊ लोह आणि कठीण लोह-कर्ब संयुग यांच्या एकाआड एक रचलेल्या अतिसूक्ष्म पत्र्यांचा बनलेला होता. हे पत्रे जितके पातळ व निकट, तितके पोलाद बळकट. आपल्याकडील लोहार ज्याला पाणी पाजणे म्हणतो, त्या क्रियेने तप्त पोलाद एकाएकी निवविले, तर द्रव्य तेच राहूनही पत्र्यांची ही रचना मुळी होतच नाही, आणि अतिशय कठीण पण ठिसूळ अशी निराळीच घडण जन्मास येते.

त्याच शेफील्डात 1882 साली तरुण रॉबर्ट हॅडफील्डने या नियमाला छेद देणारे पोलाद ओतले. मँगेनीज थोडे वाढताच पोलाद ठिसूळ होते म्हणून इतर जेथे थांबत, तेथून पुढे जाऊन त्याने ते प्रमाण शेकडा 12-13 पर्यंत नेले. आणि हे पोलाद तापवून पाण्यात बुडविल्यावर उलट चिवट झाले, कारण उच्च तापमानातील स्फटिकरचनाच त्यात थंडपणीही टिकून राहिली.

हलक्या पोलादाचा मार्ग येथूनच निघतो. लोखंडाची घनता दर घनसेंटीमीटरला 7.87 ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची अवघी 2.7, तेव्हा ॲल्युमिनियम मिसळले की वजन घटते, परंतु ते अधिक झाले म्हणजे लोहाशी त्याचे ठिसूळ संयुग बनते आणि पत्रा लाटतानाच तडकतो. मँगेनीज व कर्ब हॅडफील्डची चिवट रचना सांभाळतात, तरी त्या संयुगाचा उपद्रव उरतोच. दक्षिण कोरियातील पोहांग येथील संशोधकांनी 2015 साली शेकडा 10 ॲल्युमिनियमच्या पोलादात शेकडा 5 निकेल घालून त्याच संयुगाचे अतिसूक्ष्म कण सर्वत्र विखुरविले, आणि ज्याच्यामुळे पोलाद तडकत असे, त्यानेच त्याला बळ दिले. त्या कणांची मांडणी जोखली गेली ती सॉर्बीच्या भिंगाहून कितीतरी प्रबळ अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.